“मॅम, तुम्ही प्रार्थना करता ना?” या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं?

पत्राचा सारांश: पत्र ओमानमधून आलंय. लिहिणारी तिशीतली, अविवाहित, माहेर नगर जिल्ह्यातलं. वडील गावाकडच्या एका ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) पाळक होते, आता रिटायर झालेत. ती मस्कतपासून गाडीने दोनेक तास लांब असलेल्या एका शहरात भारतीय शाळेत सायन्स शिकवते, धाकट्या भावाच्या इंजिनिअरिंगचं कर्ज तिच्या पगारातून फिटतंय. गेल्या महिन्यात सातवीतला एक मुलगा लॅबमध्ये मागे थांबला आणि म्हणाला, “मॅम, तुम्ही प्रार्थना करता ना? मम्मीचं ऑपरेशन आहे. तिच्यासाठी कराल?” (मुलगा ख्रिस्ती नाही.) ही घाबरली, दार उघडं होतं, बाहेर कोणीतरी होतं, आणि हिच्या तोंडून निघून गेलं, “मी तसलं काही करत नाही, तू जा, पुढचा पिरियड सुरू झाला.” तेव्हापासून झोप लागत नाही. शिवाय तिथे रविवार कामाचा दिवस, उपासनेला जाणं जमत नाही, आणि पप्पा दर रविवारी फोनवर विचारतात “उपासनेला गेली होतीस का?” तेव्हा ती “हो” म्हणते. तिथल्या मराठी लोकांनी गणपतीच्या कार्यक्रमाचं निवेदन करायला बोलावलं, ती काहीतरी कारण सांगून गेली नाही, तेव्हापासून तेही फारसे बोलत नाहीत. तिचा प्रश्न असा: “ताई, मी पेत्रासारखं प्रभूला नाकारलं का? नोकरी सोडून परत येऊ का? तिकडे निदान उघडपणे ख्रिस्ती म्हणून जगता तरी येईल.”

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या मुलाबद्दलच बोलू, कारण तुझ्या पत्राची पाच पानं आहेत आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक पानावर तो मुलगा आहे, पण त्याच्या आईला काय झालंय, ऑपरेशन झालं का, घरी त्याच्याकडे कोण बघतंय, यातलं एक अक्षर पत्रात नाही. हे मी तुला टोचायला म्हणत नाहीये. तू वाईट शिक्षिका असतीस तर तो तुझ्याकडे आलाच नसता, वर्गातल्या तीस-पस्तीस पोरांमधून एक बारा वर्षांचं पोर लॅब रिकामी व्हायची वाट बघत थांबतं ते काही कुणासाठीही थांबत नाही. पण तो आला तेव्हा तुला ऐकू आलं ते असं, की माझ्या विश्वासाची परीक्षा सुरू झाली. आणि तो बिचारा विचारत होता ते इतकंच की मला भीती वाटतेय, तुम्ही मोठ्या आहात, काहीतरी करा.

माझं सगळं म्हणणं खरं तर इथेच आहे. तुला जे जे प्रश्न विचारले जातायत, मुलाचा, पप्पांचा, मराठी मंडळींचा, ते सगळे तुला तुझी साक्ष तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरसारखे वाटतायत. आणि प्रश्न विचारणारं माणूस त्यात दिसेनासं होतंय.

आता पेत्राचं, येशूच्या त्या शिष्याचं. पेत्राला अंगणात शेकोटीपाशी विचारलं होतं, तूही त्याच्याबरोबर होतास ना, आणि त्याने मी त्या माणसाला ओळखतच नाही असं शपथ वाहून सांगितलं, ते सुद्धा आत येशूची चौकशी चालू असताना, आणि लगेच कोंबडा आरवला. तुला असं कोणी विचारलेलं नाही. तू येशूला ओळखत नाही असं म्हणाली नाहीस. तू जे बोललीस ते खोटं होतं, हे मी गोड करून सांगणार नाही, तू प्रार्थना करतेस आणि “तसलं काही करत नाही” म्हणालीस, आणि तो “तसलं” शब्द तुला जास्त लागलाय असं वाटतं, कारण पत्रात तू तो तीनदा अधोरेखित केलायस. पण हे घाबरून बोललेलं खोटं आहे, ते एका मुलाशी बोललं गेलं आणि त्या मुलापाशी जाऊन दुरुस्त करता येतं. त्याला कोंबडा आरवण्याच्या पातळीवर नेऊन ठेवलंस तर तू नुसती रडत बसशील आणि मुलगा होता तिथेच राहील.

दुरुस्त कसं करायचं? इथे मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण मला येणाऱ्या पत्रांमध्ये आखातातल्या शिक्षक-शिक्षिकांची, नर्सेसची बरीच असतात आणि याच ठिकाणी लोक एकतर पूर्ण गप्प होतात नाहीतर एकदम उसळून काहीतरी करून बसतात.

ओमानमध्ये काय चालतं काय नाही ते तुला ठाऊक असेल पण सगळ्या वाचकांसाठी सांगते. मूलभूत कायद्यात आपापल्या रीतीप्रमाणे उपासना करायची मोकळीक आहे, सार्वजनिक शिस्त आणि रीतभात सांभाळून. उपासना ठरवून दिलेल्या जागेतच करायची, घरात लोक जमवून नाही. आणि दुसऱ्याला आपल्या धर्मात आणण्यासाठी प्रचार करायला बंदी आहे. मी मस्कतला शिकवत होते त्या वर्षांत हे पाळून माणसं समाधानाने राहताना मी पाहिलीयत, माझ्यासकट. तर तुझ्या बाबतीत याचा अर्थ असा की त्या मुलाचा हात धरून लॅबमध्ये प्रार्थना करायची नाही, त्याला बायबलचं वचन लिहून द्यायचं नाही, त्याच्या घरच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर काही पाठवायचं नाही.

आणि हे फक्त कायद्याच्या भीतीने सांगत नाहीये. हीच गोष्ट नगरच्या किंवा पुण्याच्या शाळेत घडली असती तरी मी हेच सांगितलं असतं. शिक्षिकेने बारा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू केली तर त्या मुलाला “नको” म्हणता येत नाही. त्याचे मार्क तुझ्या हातात आहेत, त्याची वही तुझ्या टेबलावर आहे, आणि त्याचे आईवडील तिथे नाहीत. आपल्यातल्या काही लोकांना हे पटणार नाही, ते म्हणतील त्याने स्वतःहून मागितलं होतं की. मागितलं होतं, मान्य. पण त्याने मागितलं होतं ते तू कर म्हणून. त्याला सामील करून घे असं तो म्हणाला नव्हता. तर तू कर. घरी, दार लावून, त्याच्या आईचं नाव घेऊन. त्यावर ओमानमध्ये बंदी नाही.

त्याला मात्र भेटायचं. उद्याच. रिसेसमध्ये, व्हरांड्यात, चारचौघांत दिसेल असं. “त्या दिवशी मी घाईत होते, नीट बोलले नाही तुझ्याशी. मम्मी कशी आहे आता?” इथून सुरुवात कर आणि मग ऐक. त्याने पुन्हा विचारलं “तुम्ही प्रार्थना करता का” तर “हो, करते, आणि तुझी मम्मी माझ्या लक्षात आहे” एवढं बोल. हे बोलणं म्हणजे प्रचार नव्हे, विचारलेल्या प्रश्नाला दिलेलं खरं उत्तर आहे, आणि आपण त्याच्यापुढे एक पाऊलही जायचं नाही. नाही विचारलं त्याने तर तूही काढू नकोस. मग क्लास टीचरला सांग की या मुलाच्या घरी असं असं चालू आहे, शाळेत काउन्सेलर असेल तर तिला सांग, त्याचं राहिलेलं जर्नल पूर्ण करायला आठवडाभर जास्त दे, डबा आणतोय का बघ. आई हॉस्पिटलमध्ये आणि वडील ड्युटीवर असले की परदेशात मुलाचे काय हाल होतात ते तुला माहितीये, तिथे शेजारून वरण-भात पाठवणारी काकू नसते, आजी विमानाच्या तिकिटावाचून येऊ शकत नाही.

बायबलात नहेम्याचं पुस्तक आहे, तो आठवतो? शूशनच्या राजवाड्यात परक्या राजाला प्याला भरून देणारा प्यालेबरदार, म्हणजे आपल्यासारखाच परदेशात नोकरी करणारा. राजा विचारतो, तुझं तोंड का उतरलंय, काय हवंय तुला. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या ओवीत लिहिलंय की त्याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली, आणि पुढच्याच ओवीत तो राजाला उत्तर देतो. राजाचा प्रश्न आणि त्याचं उत्तर यांच्या मधल्या क्षणात ती प्रार्थना झाली, ओठ हलले नसतील, राजाला कळलंही नसेल. त्याला कोणी लपून केली म्हटलं नाही. पण पहिला अध्याय वाचलास तर दिसतं की त्याआधी तो कित्येक दिवस एकट्याने रडत, उपास करत प्रार्थना करत होता. त्याच्यामुळे त्याला ऐनवेळी तो एक क्षण सापडला. लॅबमध्ये तुला तो सापडला नाही तो तू भित्री आहेस म्हणून असं मला वाटत नाही. गेले कितीतरी महिने तू एकटी पडलीयस, भजन नाही, प्रभुभोजन नाही, मराठीतून केलेली प्रार्थना कानावर नाही, कोणाशी बोलणं नाही. आतलं आटत गेलं की माणूस दचकतो.

म्हणून आता रविवारचं. तुला वाटतंय रविवार गेला म्हणजे सगळं गेलं. मी मस्कतला होते तेव्हा गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची, २०१३ पासून ती शुक्रवार-शनिवार झाली, रविवार तेव्हाही कामाचा आणि आताही कामाचाच. आणि जरा मागे जाऊन बघ, पहिली तीनशे वर्षं ख्रिस्ती लोकांना रविवारची सुट्टी होतीच कुठे? सम्राट कॉन्स्टंटाईनने रविवार सुट्टीचा दिवस केला तो इ.स. ३२१ मध्ये. त्याच्या दोनशे वर्षं आधी प्लिनी नावाचा रोमन सुभेदार सम्राटाला कळवतो की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आधी जमतात आणि ख्रिस्ताची गीतं गातात. उजाडायच्या आधी, कारण मग दिवसभर मालकाची कामं असत. आपल्या आजोबा-पणजोबांना मिशनच्या शाळेत आणि मिशनच्या दवाखान्यात रविवार आयता मिळाला, म्हणून आपल्याला तो विश्वासाचाच भाग वाटायला लागला. पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवारचं मोल आहेच, ते कमी करा असं मी म्हणणार नाही, पण शुक्रवारी जमलेली मंडळी ही काही दुय्यम मंडळी नव्हे.

मस्कतमध्ये रुवीला आणि ग़ालाला चर्चची आवारं आहेत, सोहार आणि सलाला या दुसऱ्या शहरांत पण आहेत, या जागा ओमानचे आधीचे सुलतान काबूस यांनी दिलेल्या. शुक्रवारी रुवीच्या आवारात गेलीस तर बघ, एका हॉलमध्ये मल्याळम उपासना संपते आणि दारात तमिळवाले चपला काढून उभे असतात, पलीकडे तेलुगू, मधेच इंग्लिश, फिलिपिनो, अरबी सुद्धा, घड्याळाच्या काट्यावर चालतं सगळं, आणि बाहेर पार्किंगमध्ये थर्मासमधला चहा आणि केळ्याचे वेफर्स घेऊन बायका गप्पा मारत उभ्या. मराठी उपासना नसते तिथे, हे खरंच दुःखाचं आहे, मला स्वतःला त्याचं फार वाटायचं. हिंदी किंवा इंग्लिश उपासनेत बस आणि तुझं गीतांचं पुस्तक पर्समध्ये ठेव. (आपल्यातल्या वसई-गोव्याकडच्या कॅथलिक वाचकांसाठी, आखातात जिथे शुक्रवारी सुट्टी आणि रविवारी काम असतं तिथल्या चर्चमध्ये शुक्रवारी होणारी मिस्सा रविवारचीच म्हणून धरली जाते, तेव्हा उगीच मनाला लावून घेऊ नका.)

दोन तास लांब आहे, एकटीने गाडी काढायची हिंमत होत नाही असं लिहिलंयस. बरोबर आहे. पण तुझ्या शहरात सरकारी हॉस्पिटल आहे ना? तिथे मल्याळी नर्सेस असणार आणि त्यातल्या काही जणी दर आठवड्याला नाही तरी महिन्यातून एक-दोनदा व्हॅन करून मस्कतला उपासनेला जात असणार, मी ओळखत होते त्या गावोगावच्या नर्सेस असंच करायच्या. शाळेत एखादी मल्याळी सहकारी असेलच, तिला सरळ विचार, “शुक्रवारी तुमच्यातलं कोणी चर्चला जातं का, मला यायचंय.” तिला आश्चर्य वाटेल, ती म्हणेल तुम्ही तर महाराष्ट्रीयन ना. तिकडे ख्रिस्ती म्हणजे मल्याळी नाहीतर गोवन असाच हिशोब असतो, आपलं शिंदे-गायकवाड आडनाव बघून कोणाच्या मनातही येत नाही. पण एकदा सांगितलंस की तीच तुला घरी जेवायला बोलावेल, हे मी खात्रीने सांगते. दर शुक्रवारी नको, महिन्यातून एकदा, प्रभुभोजन असेल त्या शुक्रवारी जा. बाकीचे शुक्रवार घरी, सकाळी, मोठ्याने वाचन आणि एक गीत. मोठ्याने म्हण, मनात नको, शेजाऱ्यांना त्रास होईल इतकं मोठ्याने नाही पण स्वतःच्या कानाला ऐकू येईल असं. एकटं राहणाऱ्या माणसाला स्वतःचा आवाज मराठीत ऐकायची गरज असते.

आता पप्पा. यावर तुला माझ्याकडून सगळ्यात कडक उत्तर मिळणार आहे. मुलाशी बोललेलं खोटं भीतीने एकदा बोलून गेलीस, पप्पांशी मात्र दर रविवारी ठरवून बोलतेस. तेही का, तर त्यांना वाईट वाटू नये म्हणून. तुमच्या मंडळीची उपासना सकाळी दहाला सुरू होते असं तूच लिहिलंयस, तेव्हा ओमानमध्ये साडेआठ वाजलेले असतात आणि तू वर्गात असतेस, हे पप्पांना कधीतरी हिशोबाने कळणारच आहे, कळलंही असेल कदाचित. पाळकाची आयुष्यभर सवय असते, समोरचा खरं सांगतोय की चांगलं सांगतोय ते त्यांना ओळखू येतं, ते फक्त विचारत नाहीत.

आणि ते काय विचारतायत ते जरा नीट ऐक. दुसऱ्यांचे वडील फोनवर “जेवलीस का” विचारतात. तुझे पप्पा जन्मभर लोकांच्या घरी जाऊन “उपासनेला आला नाहीत, बरं आहे ना?” असं विचारत आलेत. त्यांना लेकीची चौकशी करायची दुसरी रीतच माहिती नाही. तू “हो गेले होते” म्हणतेस आणि विषय संपतो, म्हणजे दर आठवड्याला ते दार ठोठावतात आणि तू आतून कडी घालतेस. “नाही पप्पा, इथे रविवारी शाळा असते, शुक्रवारी चर्च असतं पण फार लांब आहे, मला फार एकटं वाटतं” असं सांगितलंस तर ते दुखावतील, थोडा वेळ गप्प होतील, कदाचित उपदेशही करतील. मग विचारतील, जेवायला काय करतेस. हा फोन रविवारी करू नकोस, शनिवारी संध्याकाळी निवांत कर, आईला आधी सांगून ठेव. आणि फक्त कबुली देऊ नकोस, त्यांना काम दे. सांग की पप्पा, शुक्रवारी सकाळी दहा मिनिटं फोनवर माझ्याबरोबर वाचन करा, प्रार्थना करा. रिटायर झालेल्या पाळकाला याच्याइतकं मोठं काही देता येणार नाही तुला.

यावरून पंडिता रमाबाई आठवतात. आपण त्यांना केडगावच्या मुक्ती मिशनवरून ओळखतो, पण त्याच्या आधी इंग्लंडमध्ये त्या ख्रिस्ती शिक्षिका म्हणून परदेशातच राहत होत्या. १८८३ मध्ये गेल्या, त्याच वर्षी वाँटेजला लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला, मग चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकल्या आणि संस्कृत शिकवलं. साडी सोडली नाही, मांस खाल्लं नाही. पंचविशीच्या आसपासची विधवा बाई, पदरात मूल, राहणं-जेवणं दुसऱ्यांच्या आधारावर, आणि वाँटेजच्या मठातल्या ज्या सिस्टर जेराल्डिनना त्यांनी आईसारखं मानलं त्यांनाच पत्र लिहून सांगतात की अमुक गोष्ट मला पटत नाही, मला देवाने माझी सदसद्विवेकबुद्धी दिलीय, ती मी वापरणार. वाद झाले, दोघीही दुखावल्या. पण नातं तुटलं नाही, आणि जेराल्डिनबाईंनी ती पत्रं जपून, जुळवून ठेवली म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतात. रमाबाईंनी “हो, सगळं पटतं” लिहिलं असतं तर जपण्यासारखं काय होतं त्यात? तुला काही पप्पांशी तत्त्वाचा वाद घालायचा नाहीये, फक्त खरा दिनक्रम सांगायचाय. ते त्यामानाने सोपं आहे.

गणपतीचं निवेदन. इथे मी तुला हे कर ते करू नकोस सांगणार नाही, कारण प्रत्येकाची सदसद्विवेकबुद्धी वेगळी असते आणि आपल्या मंडळीतही यावर एकमत नाही. अरामी सेनापती नामानाची गोष्ट काढून बघ, बायबलातल्या ‘दुसरे राजे’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात. तो अलीशा संदेष्ट्याला विचारतो, माझा राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोन देवाच्या मंदिरात जातो तेव्हा मला वाकावं लागतं, त्याची क्षमा होईल ना, आणि अलीशा त्याला एवढंच म्हणतो, शांतीने जा. बाईबलात यावर लांबलचक नियमावली दिलेली नाही. तुला निवेदन करून आरतीच्या वेळी मागे उभं राहणं जमत असेल तर तसं कर, ते जमत नसेल तर करू नकोस. पण खोटं कारण देऊ नकोस. “मी ख्रिस्ती आहे, पूजेच्या भागात मला अवघडल्यासारखं होतं, पण दिवाळी पहाटेच्या गाण्यांचं निवेदन मी आनंदाने करीन, मुलांना नाटक बसवून देईन” असं म्हटलंस तर काय होईल? एखादी बाई कदाचित विचारेल, कन्व्हर्टेड का तुम्ही. विचारू दे. “पणजोबांपासून” एवढं उत्तर पुरतं. बाकीच्यांना एक चांगलं मराठी बोलणारी, काम करायला तयार असलेली मुलगी मिळेल. त्यांना तू मुद्दाम टाळलंस असं वाटतंय, शिष्ट आहे असं वाटतंय, कारण खरं कारण त्यांना कोणी सांगितलंच नाही.

आणि इथेच मला तुझी परत यायची गोष्ट तपासावीशी वाटते. तिकडे उघडपणे ख्रिस्ती म्हणून जगता येईल असं लिहितेस. ओमानला जायच्या आधी तू पुण्यात एका शाळेत होतीस, तिथल्या स्टाफरूममध्ये किती जणींना माहीत होतं? पत्राच्या दुसऱ्या पानावर तू जाता जाता लिहिलंयस की तिथेही नाताळची सुट्टी “गावी लग्न आहे” म्हणून घेतली होतीस. म्हणजे ही भीती तू मस्कतच्या विमानतळावर उतरताना घेतलेली नाहीस, ती इथूनच बरोबर नेलीस. आणि त्यात तुझा दोष नाही, आपल्याकडे हल्ली नाव सांगितलं की पुढचा प्रश्न कसा येतो ते आपण सगळे ओळखून आहोत. पण मग परत आल्याने ती जाणार कशी?

उलट मला ओमानमध्ये एक वेगळं दिसलं होतं. तिथे प्रार्थना करणारं माणूस कोणाला विचित्र वाटत नाही. आमच्या स्टाफरूममध्ये अरबी शिकवणारे एक ओमानी सर होते, मीटिंग चालू असताना घड्याळ बघून शांतपणे उठायचे, नमाज करून यायचे आणि राहिलेलं वाक्य पुढे सुरू करायचे. मी चर्चला जाते कळल्यावर त्यांनी एकच विचारलं, शुक्रवारी जाता-येता गाडीची सोय आहे ना. सगळे असेच असतात असं नाही म्हणत मी. पण तू ज्या नजरेला घाबरून लॅबमध्ये दचकलीस ती नजर तिथे होती का, की तू बरोबर नेलेली होती, हे एकदा शांतपणे बघ. सीमा आहेत त्या ओळखून राहायचं, आणि सीमेच्या आत जी जागा आहे ती पूर्ण वापरायची. तू सध्या त्यातली निम्मी पण वापरत नाहीयेस.

बाकी देशांतल्या वाचकांसाठी थोडक्यात, कारण सगळीकडे सारखं नाही. अमिरातीत २०२२ च्या जानेवारीपासून शनिवार-रविवार सुट्टी आहे, तिथे हा रविवारचा प्रश्न बराचसा सुटलाय. कतारमध्ये चर्चेस दोहाच्या बाहेर एकाच आवारात आहेत, कुवेत आणि बहारीनमध्ये जुनी चर्चेस आहेत, सुट्टी मात्र शुक्रवार-शनिवारच. सौदीत चर्च नाहीच, मालदीवमध्ये बिगरमुस्लिमांना सार्वजनिक उपासनेची सोय नाही, आणि तिथेही भारतीय शिक्षक जातात. अशा ठिकाणी करार सही करायच्या आधीच घरच्यांशी बसून बोला की वर्ष-दोन वर्षं मंडळीशिवाय राहायचंय, ते मला झेपेल का, सुट्टीत घरी आल्यावर कोणत्या उपासनेला जाणार, फोनवर कोण बरोबर वाचन करणार. पगाराचे आकडे बघतो तेवढ्याच गांभीर्याने हे बघायला हवं. आणि रमजानमध्ये दिवसा उघड्यावर खाणं-पिणं नको, आखातात तो बऱ्याच ठिकाणी गुन्हा आहे, पाण्याची बाटली सुद्धा स्टाफरूमच्या आतच.

राजीनाम्याचं म्हणशील तर वर्षाच्या मधे सोडू नकोस. एक तर करार नीट वाच, नोटीस किती, मधे सोडलं तर तिकीट आणि सर्व्हिसचे पैसे कापतात का, भावाचे किती हप्ते राहिलेत, हे सगळं कागदावर मांड. दुसरं म्हणजे आत्ता सोडलंस तर तू शरमेने सोडशील, आणि शरमेने घेतलेला निर्णय पुढे कितीतरी वर्षं सलतो. भारतीय शाळा बहुतेक वेळा वर्ष संपायच्या काही महिने आधी फॉर्म देऊन विचारतात की पुढच्या वर्षी राहणार का. तोवर तू नर्सेसबरोबर तीन-चार वेळा मस्कतला जाऊन आलेली असशील, पप्पांशी खरं बोललेली असशील, गणपतीला बोलावणाऱ्या मराठी बायकांना सांगून झालेलं असेल. त्यानंतरही मन म्हणालं की नाही, मला मराठी मंडळीतच राहायचंय, आईवडिलांजवळ राहायचंय, तर ये, त्यात कमीपणा काही नाही, आणि मीच तुला म्हणेन ये. तो फॉर्म हातात येईपर्यंत राजीनाम्याचा कागद टाईप करू नकोस. आधी रिसेसमध्ये त्या मुलाला गाठ, शनिवारी पप्पांना फोन कर, आणि मल्याळी सहकारी कोण आहे ते याच आठवड्यात शोध.

तुझी ताई